मास्तरांची माया आणि मास्तरांची नजर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सायंकाळीं बसणाऱ्या मंडळींत आम्हीही गेलीं पुष्कळ वर्षें आहों. कट्ट्यावरील गप्पांचे विषय ठरलेले : राजकारण, नाटक, गुडघेदुखी आणि मुलानातवंडांचे अभ्यास. यांपैकीं शेवटचा विषय निघाला म्हणजे प्रोफेसर या नात्यानें आमचें मत विचारण्यांत येतें, आणि तें देण्याचें आम्ही होईल तों टाळतों. गेल्या पावसाळ्यानंतर मैदानावर नेट पुन्हां लागलें त्या सुमारास एका शेजाऱ्यांनीं आपल्या नातवाची कहाणी आमच्यापुढें मांडली. नातू सहावींत, गणितांत मागें पडलेला. शाळेंत एक शिक्षक, क्लासांत दुसरे आणि घरीं शिकवणीला तिसरे, असे तिघे जण त्याला एकच धडा शिकवितात. आणि तरीही त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाहीं.

"त्याचें नेमकें कोठें अडतें, हें तिघांपैकीं कोणी त्याला विचारलें का?" असें आम्हीं विचारलें.

शेजारी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अहो प्रोफेसर, तिघांनाही भाग पुरा करायचा असतो ना!"

त्याच वेळीं समोर नेटमध्यें एक तरुण प्रशिक्षक दहाबारा मुलांना फलंदाजी शिकवीत होता. एका मुलाला तो पुढचा पाय कोठें पडावा हें पुनःपुन्हां दाखवीत होता. दुसऱ्याला त्यानें एक शब्दही सांगितला नाहीं. त्याला नुसते चेंडू टाकावयास लावले आणि आपण मागें उभा राहून पाहत राहिला. तिसरा मुलगा अंगानें लहान होता. त्याच्या हातांतील बॅट काढून घेऊन त्याला त्यानें एक हलकी बॅट दिली. तिघेही एकाच वयाचे, एकच खेळ शिकणारे, आणि बहुधा एकच फी देणारे. ह्या प्रशिक्षकानें शिक्षणशास्त्राचा एखादा ग्रंथ वाचला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्याचा पहिला प्रश्न 'आज काय शिकवावयाचें आहे' हा नसून 'ह्या मुलाचें काय होतें आहे' हा होता.

हा विषय शिक्षणशास्त्रज्ञांचा. वाङ्मयाच्या टीकाकारानें त्यांत कां पडावें, असें वाचक म्हणतील. आम्ही त्यांत पडतों याचें कारण असें कीं, चांगला मास्तर कोणास म्हणावें याविषयींच्या आपल्या कल्पना आपण शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून घेतलेल्या नाहींत. त्या गोष्टींतून, आठवणींतून आणि शब्दचित्रांतून घेतलेल्या आहेत. पालक शाळेकडून जी अपेक्षा करतात, आणि शिक्षक स्वतःला ज्या आरशांत पाहतो, तो आरसा वाङ्मयाचा आहे. तेव्हां आपल्या वाङ्मयानें मास्तरांचें चित्र कसें काढलें, त्यांत काय रंगविलें आणि काय कोरें सोडलें, हें पाहण्याचा अधिकार आम्हांस आहे असें आम्ही समजतों.

आमच्या मतें मराठी वाचकाच्या मनांतील आदर्श शिक्षकाचें चित्र हें मुळांत आईचें चित्र आहे. सानेगुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते; परंतु त्यांनीं शिकविण्याविषयीं जें सर्वांत प्रभावी पुस्तक लिहिलें त्यांत शिक्षक नाहींच, आई आहे. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई' या पुस्तकावर टीका करण्याचें धैर्य आम्हांस नाहीं, आणि तशी इच्छाही नाहीं. उलट आमचें म्हणणें असें आहे कीं, तें पुस्तक आपण नीट वाचलें नाहीं. श्यामची आई प्रेमळ आहे हें सर्वांच्या लक्षांत राहिलें. ती श्यामला ओळखते, हें विसरलें गेलें. पोहावयास घाबरणारा श्याम, चुकवाचुकवी करणारा श्याम, हळवा श्याम, या सर्वांना ती एकच औषध देत नाहीं. कोणत्या वेळीं मारावें आणि कोणत्या वेळीं नुसतें बोलावें हें ती त्या मुलाकडे पाहून ठरविते. परंतु तिच्या मागून आलेल्या लेखकांनीं तिचे अश्रू तेवढे घेतले आणि तिची नजर तेथेंच ठेवली. मास्तर म्हणजे दुसरी आई, हें समीकरण एकदां बसल्यावर मास्तरांनीं माया केली कीं त्यांचें कर्तव्य संपलें, असें आपण मानूं लागलों. आणि एक साधा हिशेब कोणी केला नाहीं : आईपुढें तीनचार मुलें असतात, मास्तरांपुढें साठ.

पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर हे या परंपरेंतील सर्वांत लोभस मास्तर. 'व्यक्ती आणि वल्ली' हें पुस्तक १९६२ सालीं निघालें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील प्रत्येक निवृत्त शिक्षकाच्या सत्कारसभेंत त्यांचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. लेखक स्वतः शिक्षक आणि प्राध्यापक होते. त्यामुळें वर्गाचा वास त्यांच्या लेखणीला बरोबर येतो. मास्तरांची निष्कांचन वृत्ति, विद्यार्थ्यांच्या पिढ्यांवर असलेला त्यांचा हक्क, त्यांचा मिस्किलपणा, हें सर्व अगदीं खरें आहे. आम्हीं तें शब्दचित्र अनेकदां वर्गांत वाचून दाखविलें आहे आणि वाचतांना आमचाही कंठ दाटला आहे. तरी पुस्तक मिटल्यावर आम्हीं स्वतःला एकदां विचारलें : मास्तर एखाद्या कच्च्या मुलाला नेमकें कसें शिकवीत? पहिल्या वेळीं त्याला समजलें नाहीं म्हणजे दुसऱ्या वेळीं काय बदलीत? याचें चित्र आमच्या मनांत उमटेना. शब्दचित्राचा हा दोष नव्हे. तें माणसाचें चित्र आहे, वर्गाचें नव्हे. परंतु ज्या समाजानें आपला आदर्श शिक्षक अशा चित्रावरून घेतला, त्यानें एक मोठी गोष्ट कोरी सोडली.

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ह्या बाबतींत फार पुढें जाते, आणि तिची ही बाजू टीकाकारांनीं पुरेशी पाहिलेली नाहीं. औंध संस्थानांतील एका धनगरांच्या वाडीवर नवीन नेमलेला पोरसवदा मास्तर जातो तों तेथें शाळा आहे, पण मुलें नाहींत; कारण मुलें मेंढरांमागें रानांत आहेत. मास्तरांस पहिला धडा मिळतो तो असा कीं, शाळेचें घड्याळ आणि वाडीचें घड्याळ हीं निराळीं आहेत. वाडीच्या कारभाऱ्याचें मन वळविल्यावांचून, लोकांचीं पत्रें लिहून दिल्यावांचून, त्यांच्या भांडणतंट्यांत उभें राहिल्यावांचून पाटीवर अक्षर उमटणार नाहीं, हें त्याला कळत जातें. शिकणाऱ्याकडे पाहून शिकविणाऱ्यानें आपली रीत बदलावी, ही गोष्ट मराठी कादंबरींत इतक्या सहजपणें दुसरीकडे क्वचितच आली असेल. मात्र एकदां मुलें शाळेंत आल्यावर कादंबरीला शाळेंत रस उरत नाहीं. ती तालमीकडे, माणसांकडे आणि अखेर दुष्काळाकडे वळते. कलाकृति म्हणून तेंच योग्य. परंतु वर्गाचें दार येथेंही आपल्यापुढें अर्धेंच उघडतें.

येथें आम्ही पुन्हां मैदानाकडे वळतों, कारण शिकविण्याच्या नजरेचें एक उत्तम वर्णन आम्हांस कोणत्याही शिक्षकाच्या आठवणींत न मिळतां एका खेळाडूच्या आत्मचरित्रांत मिळालें. २०१४ सालीं सचिन तेंडुलकर यांचें 'प्लेइंग इट माय वे' प्रसिद्ध झालें. पुस्तक म्हणून तें सामान्य आहे. सामन्यामागून सामना येतो आणि वाचक दमतो. परंतु आरंभींचीं प्रकरणें, ज्यांत रमाकांत आचरेकर आणि हेंच आमचें शिवाजी पार्क आहे, तीं प्रत्येक शिक्षकानें वाचावीं. अकरा वर्षांचा मुलगा आचरेकरांसमोर नेटमध्यें पहिल्यांदां उभा राहिला तो बुजला, आणि त्याचा खेळ झाला नाहीं. त्याचे थोरले बंधु अजित यांनीं विनंति केली कीं, सरांनीं निघून गेल्यासारखें दाखवावें आणि दुरून पाहावें. आचरेकरांनीं तें मानलें. सर गेले असें समजून मुलगा मोकळा झाला आणि खेळला. परीक्षा घेणाऱ्याच्या अस्तित्वानेंच परीक्षा बिघडते, हें ज्याला मान्य आहे आणि त्यासाठीं जो स्वतः बाजूला व्हावयास तयार आहे, असा परीक्षक आमच्या विद्यापीठांत आम्हीं पाहिला नाहीं. आम्ही स्वतःही तसे नव्हतों.

दुसरी गोष्ट बॅट धरण्याची. थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटीनें लहानपणीं खेळल्यामुळें त्या मुलाला ती फार खालीं धरण्याची सवय लागली होती. पुस्तकी नियमानें ती पकड चूक. ती सुधारण्याचा प्रयत्न झाला. मुलाला अवघड वाटलें. आणि ती पकड राहिली ती राहिलीच. यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवून, बाद न होतां टिकलास तर तें तुझें, हा आचरेकरांचा प्रघात तर आतां दंतकथेसारखा झाला आहे. तशीं तेरा नाणीं सचिननें जपून ठेवलीं. पण त्या नाण्यापेक्षां ती न बदललेली पकड आम्हांस महत्त्वाची वाटते. कोणती चूक सुधारावयाची आणि कोणती त्या मुलाची म्हणून राहूं द्यावयाची, हें ठरविणें ही शिकविण्यांतील सर्वांत अवघड गोष्ट होय. शुद्धलेखनाच्या लाल शाईनें आम्हीं किती जणांच्या पकडी मोडल्या असतील, तें देव जाणे.

परंतु मैदानाचें हें कौतुक येथेंच आंवरतें घेतलें पाहिजे. मैदान निवड करतें. ज्याला जमत नाहीं तो चारसहा महिन्यांत आपली किट उचलतो आणि येणें बंद करतो. त्याची कोणी नोंद ठेवीत नाहीं, आणि त्याचें आत्मचरित्रही निघत नाहीं. मैदानाला हें चालतें. शाळेला चालत नाहीं. ज्याला येत नाहीं तो उद्यांही त्याच बाकावर येऊन बसणार आहे, आणि त्यानें बसावें असा आतां कायदाही आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलाला त्याच्या वयास योग्य त्या वर्गांत बसण्याचा हक्क दिला. तो न्याय्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा कीं, एकाच वर्गांत एक मूल कादंबरी वाचणारें आणि दुसरें जोडाक्षरापाशीं अडलेलें, अशीं दोन्हीं असणार. तेव्हां निवड करणाऱ्या गुरूची नजर पुरेशी नाहीं. ज्याला कोणासही घालवितां येत नाहीं अशा मास्तरांची नजर कशी असते, हें पाहिलें पाहिजे.

तशी नजर दाखविणारें वाङ्मय मराठींत आहे. मात्र तें ग्रंथालयांत शिक्षणाच्या कपाटांत असतें आणि साहित्याच्या कपाटाकडे येऊं दिलें जात नाहीं. त्याचा उगम गुजरातींत, भावनगरला आहे. गिजुभाई बधेका यांचें 'दिवास्वप्न' हें चौथीच्या वर्गावर केलेल्या एका प्रयोगाची कल्पित हकीकत आहे. त्यांतील शिक्षक पहिल्या दिवशीं मोठ्या उत्साहानें शांततेचा खेळ घेऊं जातो, आणि मुलें असा गोंधळ घालतात कीं त्याचा सारा बेत धुळीस मिळतो. तो घरीं जाऊन विचार करतो, आणि दुसऱ्या दिवशीं गोष्ट सांगावयास बसतो. आमच्या मतें ह्या पुस्तकाचें सारें मोल त्या पहिल्या दिवसाच्या फजितींत आहे. आपल्या वाङ्मयांतील आदर्श शिक्षकांचा एकही पाठ फसलेला आम्हांस आठवत नाहीं. आणि ज्याचा पाठ फसत नाहीं त्याला तो बदलण्याचें कारणच पडत नाहीं.

गिजुभाईंच्या बरोबर भावनगरला ज्यांनीं काम केलें त्या ताराबाई मोडक पुढें मुंबईस आल्या आणि १९३६ सालीं त्यांनीं दादर येथें शिशुविहार सुरू केला. चार वर्षांनीं शिवाजी पार्कला दादा रेगे यांचें बालमोहन विद्यामंदिर निघालें. म्हणजे आज आम्ही जेथें बसतों त्या परिसरांत मुलाकडे पाहून शिकविण्याचा विचार ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वींच आला होता. तो परदेशांतून कालपरवां आलेला नवा माल नव्हे. मध्यमवर्गीय पालक उत्साही होते, मुलें नीटनेटकीं होतीं, माँटेसरीबाईंचीं साधनें होतीं. एखादी बाई येथेंच कृतार्थ होऊन बसली असती. ताराबाई १९४५ सालीं दादर सोडून डहाणू तालुक्यांतील बोर्डीस गेल्या.

ह्या जाण्याला आम्ही वाङ्मयीन महत्त्व देतों, कारण तेथून पुढची हकीकत ही एका उत्कृष्ट कथेप्रमाणें अडचणीमागून अडचण अशी उलगडत जाते. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेंत शिक्षिका म्हणून काम केलेल्या. बोर्डीला बालवाडी काढली, तों गरीब वस्तींतील मुलें येईनात. मग बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तींत, त्यांच्या आंगणांत नेली. माँटेसरीचीं साधनें महाग आणि परकीं. त्यांच्या जागीं शंख, शिंपले, बिया, पानें, माती आलीं. पुढें काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेलें, आणि तेथें वाडीच्या घड्याळाचा तोच जुना प्रश्न उभा राहिला. मोठीं मुलें गुरें चारावयास जात. शाळेंत येणार केव्हां? तेव्हां शाळा कुरणांत गेली. तिचें नांवच कुरणशाळा. माडगूळकरांच्या मास्तरांनीं जें दार अर्धें उघडलें होतें तें येथें पुरें उघडलेलें दिसतें.

अनुताईंचें 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें पुस्तक आमच्या एका साहित्यिक मित्रांस आम्हीं वाचावयास दिलें, तेव्हां त्यांनीं तें परत करतांना 'चांगलें काम आहे' असा अभिप्राय दिला. पुस्तकाविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. आम्हांस मात्र त्यांत गद्याचा एक दुर्मिळ गुण दिसतो : लेखिकेचें लक्ष सर्वस्वीं समोरच्या मुलावर आहे, आणि स्वतःकडे पाहण्यास तिला सवड नाहीं. 'हें जमलें नाहीं, म्हणून तें करून पाहिलें' हा त्या कार्याचा ताल आहे आणि लेखनाचाही. शिक्षकाच्या मायेचें वर्णन करणारीं पुस्तकें वाचून आपणांस रडूं येतें. हें पुस्तक वाचून उद्यां वर्गांत आपण काय निराळें करावें असा प्रश्न पडतो. दोहोंपैकीं मोठें वाङ्मय कोणतें याचा निकाल आम्ही देत नाहीं. दुसऱ्या प्रकारास आपण वाङ्मयच म्हणत नाहीं, एवढी मात्र आमची तक्रार आहे.

आतां आमचे सहव्यवसायी म्हणतील, कोसबाड ठीक आहे. साठ मुलांच्या वर्गांत साठ पाठ कोठून घ्यावे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आमच्या शाळांनीं पूर्वीं एक उत्तर शोधलेंही होतें. तें म्हणजे तुकड्या. आमच्या लहानपणीं गुणांवरून अ, ब, क, ड अशा तुकड्या पाडीत; 'अ'ला उत्तम शिक्षक देत, आणि 'ड'ला जो उरेल तो. 'ड' तुकडींत एकदां पडलेला मुलगा मॅट्रिकपर्यंत 'ड'च राही, आणि लग्नाच्या पंगतींतही त्याचा वर्गमित्र 'हा आमच्या ड तुकडींतला' अशीच त्याची ओळख करून देई. मुलांमधील भेद ओळखण्याच्या नांवाखालीं येथें भेद कायमचा केला गेला. मुलगा कोठें अडला हें पाहण्याऐवजीं मुलगा कोण आहे हें ठरवून टाकण्यांत आलें. म्हणूनच 'प्रत्येकाच्या गरजेप्रमाणें शिकवा' असें कोणी म्हटलें कीं जुन्या शिक्षकांच्या आणि शहाण्या पालकांच्या कपाळाला आंठी पडते. ती आंठी आम्हांस समजते.

परंतु याच मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळांत एक दुसरें उत्तरही निघालें, आणि त्याची वार्ता जगभर गेली तरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत अद्याप आलेली नाहीं. 'प्रथम' ह्या संस्थेनें तिसरी-चौथींतील जीं मुलें वाचनांत आणि आंकडेमोडींत मागें पडलीं होतीं, त्यांचे पंधरावीस जणांचे गट केले. शाळेच्या वेळेपैकीं रोज सुमारें दोन तास वस्तींतीलच एक तरुणी त्यांना मुळापासून वाचावयास आणि बेरीज-वजाबाकी करावयास शिकवी. तिला म्हणत 'बालसखी'. शालेय शिक्षण पुरें केलेली, आणि अवघें दोन आठवड्यांचें प्रशिक्षण घेतलेली. उरलेला वेळ तीं मुलें आपल्या नेहमींच्या वर्गांत बसत. तीं 'ड' तुकडी झालीं नाहींत. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबई आणि बडोदें येथें हा प्रयोग कसोशीनें तपासला आणि २००७ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध केलें : मुलांची प्रगति झाली, आणि ती मुख्यतः मागें पडलेल्या मुलांची झाली. २०१९ सालीं ह्या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. (बॅनर्जींची आई मराठी, जन्म मुंबईचा, एवढें मात्र कट्ट्यावर सर्वांस पाठ होतें.) साठ पाठ लागले नाहींत. मूल कोठें अडलें आहे हें पाहण्याची तयारी आणि त्या जागेपासून आरंभ करण्याची परवानगी, एवढ्या दोन गोष्टी लागल्या. तिसरी गोष्ट, म्हणजे माया, त्या मुलींजवळ असेलच. पण ती मोजण्याची कोणाला गरज पडली नाहीं.

याच्या उलट सध्यां पैसेवाल्या शाळांत आणि शिकवण्यांत एक निराळेंच खूळ आहे. मुलाची चांचणी घेऊन, हा डोळ्यानें शिकणारा, हा कानानें शिकणारा, हा हातानें शिकणारा, असा शिक्का मारून देतात, आणि पालक तो शिक्का कौतुकानें सांगत फिरतात. २००८ सालीं चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं ह्या मताचा पुरावा धुंडाळून पाहिला, आणि त्यावर शिकविणें बेतावें इतका पुरेसा पुरावा त्यांस मिळाला नाहीं. ही नवी तुकडीच आहे; फक्त तिची फी अधिक आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या नातवाला डोळा, कान आणि हात हीं तिन्हीं उत्तम आहेत. त्याला छेद समान कां करावयाचे हें समजलेलें नाहीं, आणि तें त्याला चौथींत असल्यापासून समजलेलें नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर, हें सर्व दुसऱ्यांच्या चुकांविषयीं आहे असा वाचकांचा समज होऊं नये, म्हणून एक हकीकत सांगणें आम्हांस प्राप्त आहे. ती आमच्या नोकरीच्या आरंभींची, १९९८-९९ च्या सुमाराची आहे. वर्गांत शंभरावर विद्यार्थी होते आणि 'किंग लिअर' नेमलेलें होतें. लालबागहून येणारा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसे. वडील गिरणीकामगार, १९८२ च्या संपानंतर गिरणीचें काम गेलें तें गेलेंच. मुलगा मराठी शाळेंत शिकलेला. त्याच्या प्रत्येक उत्तरावर आम्ही लाल शाईनें 'भाषा कच्ची' असें लिहीत असूं. दोन वर्षांत आम्हीं हा शेरा किती वेळां लिहिला असेल, आणि त्याखालीं दुसरें एक वाक्य किती वेळां लिहिलें, हें विचारूं नये. तो दुसऱ्या वर्षाला नापास झाला आणि यावयाचा बंद झाला.

त्यानंतर वर्षदीड वर्षानें तो आम्हांस ह्याच कट्ट्यावर भेटला. एका कचेरींत टपाल पोंचविण्याच्या कामाला लागला होता. त्यानें वांकून नमस्कार केला. आम्ही संकोचलों आणि कांहींतरी बोलावयाचें म्हणून 'नटसम्राट' पाहिलेंस का, असें विचारलें. त्यानें तें वडिलांबरोबर पाहिलें होतें. मग तो आपण होऊन बोलूं लागला.

"सर, अप्पा बेलवलकरांपेक्षां मला लिअर जास्त पटला. आमच्या चाळींत तसे दोघेतिघे आहेत. लिअरनें खोली मुलींच्या नांवावर केली, पण भाडेपावती आपल्याच नांवानें फाटत राहावी असें त्याला वाटत होतें. राज्य नको, पण राजा म्हणा. शंभर माणसें बरोबर राहूं द्या. मुली वाईटच आहेत. पण पावती कोणाच्या नांवावर, हें आधीं ठरवायला नको होतें का?"

आम्हीं लिअरवर पुष्कळ वाचलें आहे. पहिल्या अंकांतील त्या वांटणीचें इतकें नेमकें विवेचन आमच्या त्या वर्षींच्या एकाही उत्तरपत्रिकेंत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या व्याख्यानांतही नव्हतें.

"हें तूं पेपरांत कां लिहिलें नाहींस?" आम्हीं विचारलें.

"भाडेपावतीला इंग्रजींत काय म्हणतात तें ठाऊक नव्हतं, सर."

तो दोन वर्षें रोज रात्रीं कोश घेऊन ओळीमागून ओळ मराठींत उतरवून घेत असे, हें त्यानें त्या दिवशीं सांगितलें. त्या वह्या आम्हांस दाखवितोस का, असें आम्हीं विचारलें. पण खोलीची डागडुजी झाली तेव्हां त्या रद्दींत गेल्या होत्या. त्याचें अडत होतें तें लिअरपाशीं नव्हे, भाडेपावतीच्या इंग्रजी शब्दापाशीं. आणि आम्ही दोन वर्षें त्याला लिअर समजावून सांगत होतों. त्याच्याविषयीं आम्हांस माया नव्हती असें नाहीं. एका परीक्षेची फी आम्हीं भरली होती, आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटूनही घेतली होती. चितळे मास्तरांच्या चित्रांतून आम्हीं जें घेतलें होतें तें एवढेंच.

तेव्हांपासून वर्षाच्या आरंभीं आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घेतों. नेमलेल्या पुस्तकाचा पहिला भाग वाचून काय समजलें आणि कोठें अडलें, तें ज्याला ज्या भाषेंत लिहावयाचें असेल त्या भाषेंत. गुण नाहींत. त्या पानांवरून आम्ही पहिल्या महिन्याचीं व्याख्यानें ठरवितों, आणि शनिवारीं तीनचार लहान गट करून बसतों. ज्याचें जें अडेल त्याप्रमाणें गट दर महिन्याला बदलतात. सगळ्यांचें भलें होतें असें नाहीं. कांहीं जण गुण नाहींत म्हणून पानच देत नाहींत. एकानें तर मार्गदर्शकांतून उतरवून दिलें, अडलेल्या जागेसह. सहकाऱ्यांपैकीं दोघांना हा प्रकार पोरकट वाटतो, आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकांत शनिवार कोठेंही बसत नाहीं.

यंदा ११२ पानें आलीं. त्यांपैकीं ४० मराठींत आहेत, सहा हिंदींत, एक गुजरातींत. तें आम्ही शेजाऱ्यांकडून वाचून घेतलें, आणि त्याच बैठकींत त्यांच्या नातवाला वही घेऊन बोलावलें. अर्ध्यांत एक तृतीयांश मिळविले तर किती, असें विचारलें. त्यानें उत्तर दिलें, दोन पंचमांश. कसें काढलेंस म्हणून विचारतां त्यानें वर वरचे आणि खालीं खालचे असे आंकडे मिळवून दाखविले, आणि आमच्याकडे अशा आश्वासक दृष्टीनें पाहिलें कीं आम्हीच कच्चे असावेत. आम्हीं घरांतून एक पोळी मागवून घेतली आणि ती कापावयास त्याच्या हातीं दिली. ११२ पैकीं २९ पानें अद्याप वाचावयाचीं राहिलीं आहेत.